ग्रुपवरचे अंगठे

चहा गार झाला तरी चालेल, पण हे ऐका आणि मग मला सांगा की ग्रुपवर माहिती टाकली म्हणजे काम झालं.

मी वाडीचा पोलीसपाटील, म्हणून मला आपत्तीच्या ग्रुपात घेतलंय. पोलीस, वनखातं, बांधकाम, वीज, सगळे साहेब त्यात हायत. गेल्या पावसाळ्यात वाडीवरच्या डोंगराला भेग पडली. मी फोटो टाकून लिहिलं, 'माणसं खाली न्यायचीत, गाडी पाठवा.' लगेच एकेका साहेबाचा अंगठा आला.

सगळी वाडी बोचकी घेऊन देवळात बसली. दुपार टळली तरी गाडी नाय. मी म्हटलं, "चला, पोलादपूरपर्यंत चालत जाऊ."

आमचे धोंडूकाका उठेनात. जन्मभर त्यांनी सही केली नाय, अंगठाच उठवला. म्हणाले, "आपन एक अंगठा दिला तर जमीन जाते रे. इथं एवढ्या साहेबांनी दिलेत. गाडी येनार."

हात धरून ओढलं, तर खांबाला मिठी मारली. शेवटी बाकीच्यांना घेऊन निघालो आणि खाली पोचून एका साहेबांना फोन लावला.

ते म्हणाले, "अहो पाटील, बाकीच्यांचे अंगठे बघितले. वाटलं, कुणीतरी पाठवली असेल."

फोन कानालाच होता, तेवढ्यात वर वाडीवर डोंगर खाली आला.

संध्याकाळी ग्रुपवर मीच टाकलं, 'दरड कोसळली. देवळात धोंडूकाका होते. गेले.'

लगेच अंगठे आले.