जुनी साइट, नवी साइट

ही गेल्यापासून घरात बोलणं उरलेलं नाही. म्हणून एसटीत लोकांचं बोलणं ऐकत बसतो. बीडहून नेकनूरला जाताना पुढच्या बाकावर किराणा दुकानदार शिवलिंगप्पा होते. त्यांच्या शेजारी बसवेश्वर, समाजातली लग्नं जुळवणारी वेबसाइट चालवणारा.

“साखरपुडा होऊन आठवडा झाला, तरी आमची होणारी सून रुद्राणी तुझ्या साइटवर अजून नवरा शोधतीच हाय.”

“काका, तिचं नाव मी परवाच काढलं.”

“मी सकाळी नेट कॅफेत बघितलं. फोटोसकट.”

“तुमी जुनी साइट बघितली. जुना सर्व्हर, म्हंजी साइट ठेवलेला कॉम्प्युटर, लई बंद पडायचा, म्हणून अपाचे नावाच्या सॉफ्टवेअरवर चालणारा नवा घेतला अन् सगळं तिकडं हलवलं. नाव नव्यावरनं काढलं, जुन्यावर राहिलं.”

“मग जुनं चालू कावून ठेवलं?”

“नवा पत्ता सगळीकडं पोचायला दोन दिवस लागत्यात. तंवर कुणाला जुनी दिसती, कुणाला नवी.”

“घर बदललं की आमी जुन्याला कुलूप लावतो, बे.”

“कुलूप लावलं असतं, तर निम्म्या लोकांना काहीच दिसलं नसतं.”

“ते राहू दे. मी सोयरीक मोडायलाच निघालोय.”

“मोडा. पण रुद्राणीच्या वडलांना सकाळी तुमचा पोरगा योगीराज दिसला.”

“कुठं?”

“तिथंच, जुन्या साइटवर, बायको शोधताना. ते तुमच्याकडं मोडायलाच निघाले होते. समजूत काढायला मी चाललोय.”

शिवलिंगप्पा बसवेश्वरकडे वळून बसले.

“ते जुनं-नवं परत एकदा नीट सांग. तिथं व्याह्यांना मला सांगायचं हाय.”