एकतीस पोरं आणि पहिली रांग

...अहो, वर्गात पोरं एकतीस आणि त्यातल्या तिसांच्या आज्या मोर्चाच्या पहिल्या रांगेत? तुम्हाला सांगतो, आमचं अलाबामातलं एवढंसं गाव, कोर्टाचा रस्ता जेमतेम दोन गाड्यांचा, एकोणीसशे पासष्ट साली आम्हा काळ्या लोकांच्या मतदानाच्या हक्कासाठी मोर्चा निघाला... पहिल्या रांगेत तीस बायका मावल्या कुठे? पण चूक माझीच! आधी त्या मोर्चावरची कादंबरी वाचून घेतली, मग सिनेमा दाखवला, आणि सिनेमात सगळे पहिल्या रांगेतलेच! मागच्या रांगेवर कॅमेरा जातो का कधी? वर मी छाती फुगवून सांगितलेलं, "माझी आईसुद्धा पहिल्या रांगेत होती बरं का!" आईनं कधी सांगितलं नव्हतं, पण माझी आई म्हणजे पहिलीच रांग! झालं! "आजी आणि मोर्चा" असा निबंध दिला, आणि पोरं घरी विचारून आली, "सर, माझी आजी पहिल्या रांगेत!" "माझी तर पहिलीच्याही पुढे!" पुढे? पुढे पोलीस होते रे बाबा!

राहिली एक केशा. कागद कोरा, मान खाली. मी आपला उत्साहात, "बोल की! कितवी रांग?" तर पोर रडायलाच लागली, "आजी गेलीच नव्हती, सर." वर्ग खिदळला... आणि मी गप्प बसलो. खरंच सांगतो, अजून लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी तिची ओडेसा आजी वर्गाच्या दारात हजर! डोक्यावर चर्चची जांभळी हॅट, "माझ्या नातीला रडवणारा मास्तर कोण रे?" मी उभाच राहिलो! "पहिली रांग, पहिली रांग लावलंय! त्या रांगेतल्या बायकांची पोरं कोणी सांभाळली? दिसली सिनेमात? आया तुरुंगात, आणि अकरा पोरं माझ्या घरी, चार दिवस! खिडकीतून दगड आला, तेव्हा सगळी पलंगाखाली ढकलली आणि वर मी बसले!"

आणि केशाची मान... अशी ताठ! मला भरूनच आलं हो! म्हटलं, कादंबरी राहू दे, सिनेमा राहू दे, आजी, तुम्ही बोला!

"बोलते की. दहा पोरं शहाणी होती. एक कारटं मात्र चार दिवस नुसतं भोकाड पसरून! पर्नेलांचं."

एकतीस डोकी वळली. पर्नेल सर म्हणजे मीच ना!

धावत घरी गेलो. "आई, तू पहिल्या रांगेत होतीस ना गं?"

"असते की! पण तू गळ्याची मिठी सोडशील तर ना! पोचले तेव्हा शेवटची रांग निघत होती."

आता घ्या! आईची पहिली रांग घालवली कोणी? मी! वर्गात कबूल केलं, तर केशानं ते सगळं निबंधात लिहिलंय... आणि काय करणार, पैकीच्या पैकी मार्क द्यावे लागले.