कुंडीसकट बाग

…नाही, पण मला सांगा, कारखान्याच्या मागच्या आवारात खोदायचं नाही, हा काय नियम झाला? लहानपणी चेंडू तिकडे गेला की गेला! आणायचा नाही. का? "मोठ्यांनी सांगितलंय ना? मग झालं!" साप आहेत का? नाहीत. विहीर आहे? नाही. मग आहे तरी काय? "मोठ्यांनी सांगितलंय ना? मग झालं!" तुम्हाला सांगते, मी रसायनशास्त्र शिकले ते या एका वाक्याच्या रागाने!

आमचा कारखाना नळांना मुलामा द्यायचा. नळ असे चकचकीत, की मोठे काका त्यात बघून भांग पाडायचे. आणि टाकीत उरलेलं पिवळं पाणी? ते कुठे जायचं? मागे! वर्षानुवर्षं! आता कारखाना बंद, जागा विकायला काढलेली, आणि घेणारी बाई निघाली हुशार. म्हणाली, "मी इथे पाळणाघर काढणार, आधी मातीची तपासणी करून द्या." काका खूश! "अरे, घरात डॉक्टर असताना बाहेर नाडी कशाला दाखवायची? आपली पोर जमिनीच तपासत फिरते की!" हेच काका, मी शिकायला निघाले तेव्हा म्हणाले होते, "पोरीच्या जातीने चिखलात हात घालायचे?" आता चिखल घरचा निघाला म्हटल्यावर मी डॉक्टर!

गेले. खोलवरची माती काढायचं लांब दांड्याचं गिरमिट, बरण्या, हातमोजे… आणि बघते तर काय, बाग! अहो, जिथे गवताची काडी उगवत नव्हती तिथे गुलाब! खाली लालभडक नवी माती, कडेने विटा. बाबा हात मागे बांधून आकाश बघतायत. आमचे बाबा आकाश बघायला लागले की समजायचं, जमिनीवर काहीतरी घोटाळा आहे. आत्या लगेच मधात घोळवून, "बघ गं, कसं फुललंय! वाईट मातीत फुलं येतात का कधी? इथलीच घे हो चिमूटभर."

चिमूटभर! माती आहे का मीठ? मी म्हटलं, आत्या, मी चार ठिकाणी खोल जाणार. आणि गिरमिटाला जागा हवी म्हणून एक गुलाब जरा ओढला… तर गुलाब आला, आणि गुलाबाच्या मागोमाग अख्खी कुंडी वर आली! कुंडीसकट पुरलेला! शेजारचा ओढला, कुंडी! पलीकडचा, कुंडी! म्हणजे यांना पक्कं ठाऊक होतं, त्या मातीला मूळ टेकलं की झाडाचं काही खरं नाही! आणि काकांनी काय म्हणावं? "अगं, कुंडीत ओल टिकते!"

वीतभर लाल माती, तिच्याखाली गिरमिट गेलं आणि घेऊन आलं पिवळा-हिरवा गाळ. बरण्या प्रयोगशाळेत गेल्या आणि उत्तर आलं तेच, जे आमच्या हरवलेल्या चेंडूंनासुद्धा माहीत होतं. घरी सगळ्यांना बसवून सांगितलं, विषारी माती उपसू, नीट विल्हेवाट लावू, चांगली भरू, मग खुशाल विका. होते हो जमीन साफ! वेळ लागतो, खर्च येतो, पण होते! हेच तर काम आहे माझं!

काका म्हणाले, "एवढा उपद्व्याप कशाला? वरची लाल माती बरणीत भर आणि सही कर."

"पण काका…"

"मोठ्यांनी सांगितलंय ना? मग झालं!"

मी म्हटलं, नाही झालं! एवढी खात्री आहे ना, मग चला, उठा, एक गुलाब कुंडीतून काढा आणि जमिनीत लावा. आत्ता. माझ्यासमोर. गुलाबाला जी माती सोसत नाही, तिच्यावर रांगती पोरं सोडायला मी सही करणार नाही! त्या बाईच्या हातात खालच्या मातीचाच अहवाल पडणार, आणि तो मीच नेऊन देणार!

कोणी उठलं नाही. बाबा तर चक्क जमिनीकडे बघायला लागले, जन्मात पहिल्यांदा! तेव्हापासून मागच्या आवारात कोणी फिरकत नाही… आणि त्या कुंड्यांना रोज पाणी कोण घालतं, सांगा? मीच! गुलाबांचा काय दोष, त्यांनाही मोठ्यांनीच सांगितलं होतं!