पत्रिकेतली शेवटची ओळ

मी मूळची मैंदर्गीची. वडील मेंढरं राखायचे, घरात निम्मं कन्नड निम्मं मराठी, म्हनून माझी बोली अशी हाय बघा, लिहिताना सुधारू नका. बारावी झाले, लगीन होऊन सोलापुरात आले, टायपिंगची परीक्षा दिली आन् एका छापखान्यात डीटीपीला लागले, त्याला आता चौदा वर्षं झाली. छापखान्याच्या मालकाला सगळे अण्णाच म्हनतात. लग्नपत्रिका, वास्तुशांती, दशक्रियेची कार्डं, पतसंस्थेचे अहवाल, सगळं माझ्या हातनं गेलंय. अण्णा गिऱ्हाइकाला सांगायचे, सुरेखाचं काम म्हंजे परत बघायचं काम न्हाई. त्याचा मला लई ताठा होता. खरं सांगते, तो ताठाच नडला.

आता हे काम कसं असतंय ते सांगते, त्याबिगर तुमाला पुढचं कळायचं न्हाई. पानावर आपन एक चौकट काढतो, मजकूर त्या चौकटीत बसतो. मजकूर जास्त झाला तर चौकट आपनहून वाढत न्हाई, उरलेल्या ओळी आतच दडून बसतात, पुसल्या जात न्हाईत, फकस्त दिसत न्हाईत. तवा चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात अधिकचं तांबडं चिन्ह येतं. ते दिसलं की चौकट खाली वढायची, न्हाईतर अक्षर बारीक करायचं, न्हाईतर ओळींमधलं अंतर कमी करायचं. पयल्या दिवशी हेच शिकवतात. पन मला एक वाईट खोड होती, मजकूर संपला की मी चार-पाच वेळा एंटर मारायची, उगंच, हाताची सवय. त्या रिकाम्या ओळी चौकटीत मावायच्या न्हाईत, म्हनून माझ्या हरेक पानावर ते चिन्ह असायचंच. नवीन काम आलं की जुनीच फाइल उघडून नावं बदलायची, म्हंजे ती खोड फाइलीसंगट पुढं जायची. रोज बघून बघून मला ते चिन्ह दिसंनाच झालं.

तर कुंभारीचे मल्लिनाथ आले, धाकट्या भावाच्या लग्नाची पत्रिका करायला. त्यांची थोरली बहीन शांताक्का, नवऱ्यानं टाकलेली. आईबाप लौकर गेले, तर तिनंच विड्या वळून वळून दोन्ही भावांना मोठं केलं. निमंत्रकात आमच्याकडं बाप्यांची नावं असतात, माहेरी परत आलेल्या बहिनीचं नाव कोन घालतंय? पन मल्लिनाथ म्हनले, सगळ्यांच्या खाली, एकटी ओळ, ठळक अक्षरात, अक्काचं नाव पायजे. मी घातलं. प्रूफ घरी नेलं, सही करून आनलं, म्हनले अक्कानं नावावर बोट फिरवून बघितलं, तिला तेवढंच वाचता येतंय की. मग दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन, दोन चुलत्यांची नावं ऱ्हायलीत, तेवढी वर घाला. मी घातली. वर ओळी वाढल्या, खालची ओळ आत गेली. चिन्ह तितंच होतं, रोजच्यासारखं. मी प्रिंट काढून परत वाचलं न्हाई. घाई होती असंबी न्हाई, मला वाटलं मी कशाला वाचू.

पत्रिका छापून गेल्या. पयली देवापुढं ठेवतात, दुसरी त्यांनी मानानं अक्काच्या हातात दिली. तिनं बोट लावून हुडकलं म्हनं, वरनं खाली, परत वरनं खाली.

दुसऱ्या दिवशी मल्लिनाथ पत्रिका घिऊन दारात. वरडले न्हाईत. अक्काचं नाव कुटं गेलं ताई, एवढंच म्हनले. अण्णा शेजारीच बसलेले. मी पत्रिका बघितली आन् मला तितंच कळलं काय झालंय ते. चुकलं म्हनायचं होतं, दुरुस्त करून देते म्हनायचं होतं, अण्णा बोलले असते थोडं, दुसरं काय. पन तोंडातनं गेलं, तुमच्या घरनंच फोन आलता की, ते नाव काढा म्हनून. ते म्हनले, कोनाचा? मी म्हनले, बाईचा आवाज होता. त्यांच्या घरात बायका दोनच, अक्का आन् त्यांची बायको सुनंदा. ते मला ठावं होतं, व्हय, ठावं असून बोलले. मल्लिनाथांनी पत्रिका घडी करून खिशात घातली आन् गेले, परत छापा असंबी म्हनले न्हाईत. आन् मला, सांगायला लाज वाटती, बरं वाटलं. सुटले म्हनून बरं वाटलं. मी चहा मागवला आन् प्याले.

पुढचं कळत गेलं. कुंभारीतली एक बाई बचत गटाच्या पावत्या छापायला यायची, तिनं सहज सांगितलं, अक्का भावाच्या हळदीला आली न्हाई, लग्न झालं आन् खोली करून वेगळी ऱ्हायली. सुनंदानं पोराच्या डोक्यावर हात ठिवून शपथ घेतली, मी फोन केला न्हाई, कुनी ऐकलं न्हाई. मी पावतीचं माप लिहून घेत होते, मान वर केली न्हाई. अशी दोन वर्षं मी गप्प बसले.

यंदाच्या उन्हाळ्यात एक गिऱ्हाईक आलं, तसलीच पत्रिका पायजे म्हनलं. मी ती जुनी फाइल उघडली, बघू जागा किती हाय म्हनून चौकट खाली वढली, तर खालनं ओळ वर आली. शांताबाई, ठळक अक्षरात. दोन वर्षं ती आतच होती. उठले आन् अण्णांना सगळं सांगितलं. ते म्हनले, मला सांगून काय उपयोग, कुंभारीला जा.

गेले. अक्का दारात विड्या वळत बसलेली. मी उभ्या उभ्याच सांगितलं. तिचा हात थांबला. मला वाटलं मांडीवरचं विड्यांचं सूप अंगावर फेकती आता. पन माझी बोली तिनं वळकली असनार, कन्नडमधीच म्हनली, होगली बिडु, जाऊ दे सोड. माझं जाऊ दे, चल, सुनंदाच्या म्होरं सांग. आन् चप्पल घालून माझ्याम्होरं चालायला लागली.

सुनंदानं सगळं ऐकून घेतलं. रडली न्हाई, वरडली न्हाई. म्हनली, अक्काचं नाव घाला म्हनून ह्यांना मीच सांगितलं होतं. मग हे दोन वर्षं म्हनत ऱ्हायले, आधी घाला म्हनलीस आन् मागनं काढायला लावलंस, दोन तोंडाची हाईस तू. मग माझ्याकडं बघून म्हनली, अक्काचा राग मला कळतो. पन बारा वर्षं संगट संसार केला, त्या मानसानं माझं ऐकलं न्हाई, तुझं ऐकलं. तुला तर त्यांनी दोन-चारदा बघितलं होतं. ह्याचं मी काय करू, सांग.  

मल्लिनाथ आल्यावर त्यांनाबी सांगितलं, त्यांनी मान खाली घातली ती मी निघेपर्यंत वर केली न्हाई. आता अक्का परत त्या घरात हाय. परवा बाजारात दोघी दिसल्या, अक्कानं हाक मारली, कशी हाईस पोरी. सुनंदानं बघितलं आन् भाजीकडं वळली. तिचं बराबर हाय. त्या घराचं चांगलं होऊ दे, त्या नवरा-बायकोचं तर लई चांगलं होऊ दे. लोक म्हनतात जा, एकदा सुनंदाची माफी मागून ये. मी गेले न्हाई. मी दारात जाऊन हात जोडले असते, तर मनात नसलं तरी तिला व्हय म्हनावंच लागलं असतं.