वरच्या रांगेतला टोपीवाला

हॅलो? … हो, मीच… वैदेही, जरा हळू बोल. … अगं तुझा आवाज फोनबाहेर येतो म्हणून. आणि तो इकडेच बघतोय.

कोण म्हणजे? तो राखाडी टोपीवाला! … अगं रिंकवर आहे मी. ईशानची आइस हॉकीची टूर्नामेंट नाही का… हो, जुलैमध्ये! बाहेर डांबर वितळतंय आणि आत मी स्वेटरवर शाल घेऊन कुडकुडतेय. सीझन नसताना मुद्दाम ठेवतात. ज्युनियर लीगच्या मोठ्या टीमवाले पोरं निवडायला येतात म्हणे. इथे एकदा नजरेत भरला की पुढचं दार उघडलं. … हो गं, त्याचा जीव टांगणीला लागलाय. काल रात्री वरणभातसुद्धा उष्टावून उठला.

मॅच संपली आत्ताच, पोरं आत कपडे बदलतायत. … जिंकले, हो. एक गोल त्याचा. … बरा खेळला. … बरं बाई, चांगला खेळला, झालं समाधान?

संजय गाडीत बसलाय एसी लावून. ऑफिसचा कॉल म्हणे. रविवारी! झोपला असणार.

अगं ऐक ना त्या माणसाचं. सकाळपासून वरच्या रांगेत, कोपऱ्यात, एकटा. टाळी नाही, ओरडणं नाही. कुणाचा बाप असता तर ओरडला नसता? इथले बाप घसा बसेपर्यंत बोंबलतात. हा नुसता बघतो. आणि खेळ चाललाय तिकडे, याची नजर मात्र ईशानवर. ईशान बाकावर बसला तरी ईशानवरच! … मग? मला संशय येणार नाही?

पुढे तर ऐक. मी कॉफी घ्यायला गेले, तर हा मागोमाग हजर. म्हणे, सतरा नंबर तुमचा का? … मला काय माहीत कसं ओळखलं! … हं, ते आहेच म्हणा. अख्ख्या रिंकमध्ये आपल्या रंगाची मी एकटी, त्यात डोक्यावरून शाल. पण चौकशा कशाला हव्यात?

वडील किती उंच? मामा आहे का, तो किती उंच? सकाळी कोण उठवतं? हरला की घरी येऊन काय करतो? कुठे काही दुखतंखुपतं का? … नाही तर काय! मुलगी बघायला आल्यासारखे प्रश्न. पत्रिका तेवढी मागायची राहिली.

मी ओळखलं, हा नऊ नंबरचा बाप. त्या पोराची आणि ईशानची एकाच जागेसाठी चुरस आहे. आतली माहिती काढायला आला असणार. मी काय दुधखुळी आहे?

सांगते की काय! म्हटलं, कसलं काय हो, आळशी आहे नुसता. रोज ओढून उठवावा लागतो. हरला की दार लावून बसतो, दोन दोन दिवस बोलत नाही. गुडघाही धरतो अधूनमधून. आणि हे सगळं हौसेपुरतं, पुढे इंजिनिअरच व्हायचंय. … हसतेस काय?

… अगं खोटं आहे, मलाही माहितीये. पण परक्यासमोर आपल्याच पोराचे गोडवे गायचे का? आईनं गायले होते कधी आपले? तू बोर्डात आलीस तेव्हा काकूंना काय म्हणाली? … बरोब्बर! "लागला नंबर नशिबानं." पेढेसुद्धा चोरून वाटले तिनं. … नाही, नाही, मागच्या वर्षी मी एकदाच ईशानचं कौतुक केलं आणि आठवड्याच्या आत मनगट मोडून बसला. तेव्हापासून कानाला खडा. दृष्ट लागते. … असू दे, तुझं सायन्स तुझ्यापाशी.

थांब हं, ब्रेंडा काहीतरी म्हणतेय. … अगं ईशानच्याच टीमच्या गोलकीपरची आई, माझ्या शेजारी बसते. … येस, ब्रेंडा? … दॅट मॅन? ही इज नंबर नाइन्स फादर, नो? … नो? … देन हू?

…

वैदेही. मेले गं मी.

स्काउट आहे तो. … हो, तोच! ज्युनियर टीमसाठी पोरं निवडणारा, मिशिगनहून आलाय. ब्रेंडा म्हणते, हे लोक टीमचं जॅकेट मुद्दाम घालत नाहीत, नाहीतर आईबाप चिकटतात. कोपऱ्यात बसतात, टाळ्या वाजवत नाहीत. आणि पोरगा आवडला तरच आईशी बोलायला येतात. … ऐकलंस ना? आवडला तरच! आणि मी त्याला गुडघा सांगितला गं! दुखऱ्या गुडघ्याचं पोर कोण घेईल?

आहे अजून. उठतोय… कुणाशी तरी बोलतोय, निघायच्या बेतात आहे.

जाऊन काय सांगू? मघाशी थापा मारल्या म्हणून? … चांगलं काय ते सांग? कसं सांगतात ते? मला नाही येत गं. सवयच नाही. … बरं. बरं, तुला सांगून बघते आधी.

त्याला… उठवावा लागत नाही. अंधारात आपला आपण उठतो. आमची झोप मोडू नये म्हणून बूट हातात घेऊन जिना उतरतो. … हं. मागे ब्रेंडाच्या पोरानं अगदी सोपा गोल होऊ दिला, हरले. सगळी टीम आत निघून गेली. हा एकटा त्याच्याजवळ बाकावर बसून राहिला, काही न बोलता. म्हणून तर ब्रेंडा माझ्या शेजारी येऊन बसते, नाहीतर मला कोण विचारतंय इथे. … मनगट मोडलं तेव्हा प्लॅस्टर घालून यायचा, सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या भरायला. गुडघा ठणठणीत आहे त्याचा. … मी कुठे रडतेय? … अगं अभिमान वाटतो मला. इतका वाटतो की तोंडून काढायची भीती वाटते.

थांब… ईशान? कधीपासून उभा आहेस रे मागे? … मावशी आहे फोनवर. … काय? … कुणाबद्दल म्हणजे काय?

वैदेही, हा विचारतोय, कुठला मुलगा. … थट्टा नाही गं, खरंच विचारतोय! "हू इज धिस किड?"

तू. अरे तूच! … असा काय बघतोस? … काय झालं म्हणजे? काही झालेलं नाही. … नाही रे राजा, आजी बरी आहे. अगदी बरी आहे. बाबाही बरे आहेत, गाडीत आहेत. … अरे, शप्पथ. सगळे बरे आहेत.

ऐकलंस, वैदेही? आईच्या तोंडून चार शब्द चांगले निघाले, तर या पोराला वाटलं कुणीतरी गेलं.

… नाही, बोलू नकोस आता काही. … ईशान, ती बॅग टाक इथेच. टाक म्हणते ना. चल माझ्याबरोबर, तो दाराशी पोचला. … कोण ते कळेल तुला. तुझ्यासमोरच सांगणार आहे सगळं, तूही ऐक. … सर! सर, वन मिनिट, प्लीज! … थांबला गं. ठेवते.