नुसतं नाव

(संध्याकाळी, कीर्तनाला निघण्याआधी. आत्या भाचीला नऊवारी नेसवते आहे.)

आत्या : हलू नको, स्वरदा. तुळशीच्या कुंडीत मुंग्या काहून लागल्या, ते सांग आधी.

स्वरदा : मले काय माहीत? प्रसाद सांडला असेल कोणाचा.

आत्या : माती उकरून पाहिली मी. खाली साबुदाणा आहे, नासलेलं दूध आहे. सकाळी तुलेच दिलं होतं.

स्वरदा : साडी नेसव ना, आत्या. देर हो जाएगी.

आत्या : नेसवूनच राहिली. निऱ्या खोचल्या की सुटून येतात. माझ्या पहिल्या कीर्तनाची साडी ही. मले गच्च बसली होती.

स्वरदा : म्हणजे मी बारीक आहे. अच्छा ही तो है.

आत्या : काल तालमीत अर्ध्या ओळीवर खाली बसली तू.

स्वरदा : गर्मी होती.

आत्या : डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या, ते तुझ्या आईनं सांगितलं मले. नाडी मंद आहे, पाळी बंद आहे. आधी सोमवार, मग गुरुवार, मग चतुर्थी, एकादशी. आता मधले वारही उपासाचेच.

स्वरदा : खूश तर सगळेच होते. बाबाराव काका मंडळात माइकवर म्हणाले, या वयात एवढी निष्ठा. टाळ्या पडल्या. तूपण वाजवल्या.

आत्या : वाजवल्या.

स्वरदा : नववीत चिराग मले 'लड्डू' म्हणायचा. मग पूरी क्लास. टिफिन उघडला की सगळे माझ्याकडे पाहात. आता कोणी म्हणत नाही. मंडळातल्या काकू आपल्या पोट्टींना माझं नाव सांगतात. स्कूल में मैं कुछ नहीं हूँ, आत्या. इथं मी उपास करणारी आहे. वो भी छोड़ दूँ, तो बचेगा क्या?

आत्या : भूक लागत नाही तुले?

स्वरदा : लागते. लागली की बरं वाटते. जिंकल्यासारखं.

आत्या : तेव्हा देवाचं नाव असते मनात?

स्वरदा : नाही. पोळीचं असते. दिनभर.

आत्या : ये, बस इथं. मग हा उपास देवाचा नाही, बाई. त्याले नको आहे तो. आज तू उभी राहणार नाहीस.

स्वरदा : आत्या, प्लीज. सगळ्यांना माहीत आहे माझं पहिलं कीर्तन आहे. बाबा बीरगांवच्या कारखान्यातून छुट्टी घेऊन येऊन राहिले.

आत्या : येऊ दे. पूर्वरंग मी करते, आख्यानही मीच. तू माझ्या मागं बस, झांज घेऊन. उद्या डॉक्टरीणबाईंकडे मी येते तुझ्यासोबत. त्या आणखी एका बाईंशी गाठ घालून देणार आहेत, मनातलं बोलायले. कीर्तन कुठं पळून नाही चाललं.

स्वरदा : झांज तर छोटे बच्चे बजाते हैं.

आत्या : मंडळातल्या कोणाले बी विचार, झांज अडखळली की माझा अभंग कसा होते ते.

स्वरदा : आणि बाबाराव काका? ते काय सांगतील माइकवर?

आत्या : मी दुपारीच फोन केला त्यांना. म्हणाले, मग पोरीची ओळख काय करून देऊ? मी म्हटलं, नुसतं नाव घ्या. झांजेवर स्वरदा.

स्वरदा : बस?

आत्या : बस.

स्वरदा : उपासाचं काहीच नाही?

आत्या : काहीच नाही.

स्वरदा : किती छोटं वाटते.

आत्या : हव. वाटेल काही दिवस. हे दूध घे. तुळशीले आज माझ्या हातून पाणी गेलं आहे, तिचं पोट भरलेलं आहे.

स्वरदा : अर्धंच पिईन.

आत्या : अर्धं.

स्वरदा : तू पाहू नको. मुँह उधर कर.

आत्या : केलं भिंतीकडं. झांज तुझ्या उजव्या हाताशी ठेवली आहे. पिऊन झालं की वाजव, मग वळते मी.