चाळीस पावलं

आत्या : हळू गं! केस आहेत ते, दोरखंड नाही.

भाची : गुंता झालाय नुसता. काल दुपारी शर्यतीआधी बांधलेस ते तसेच आहेत. हलू नकोस, पायाला धक्का लागेल.

आत्या : पायाला आणखी काय लागायचं राहिलंय? मघाशी डॉक्टर सांगून गेले, मांडीमागचा स्नायू हाडापासून सुटलाय. उद्या शिवणार म्हणे. पिशवीचा बंद शिवावा तसं सांगत होते.

भाची : आणि पळणं?

आत्या : चालता येईल म्हणाले. चांगलं चालता येईल.

भाची : मी पळण्याचं विचारलं.

आत्या : मीही तेच विचारलं होतं. त्यांनी परत चालण्याचंच सांगितलं.

भाची : आत्या...

आत्या : रडायचं नाही. विंचर तू. बारा वाजता तुमची बस आहे विमानतळावर जायला, तोवर माझं डोकं माणसात आण.

भाची : मी नाही जाणार त्या बसने. मी थांबणार इथे. सगळी टीम घरी जाणार आणि तू एकटी या खोलीत?

आत्या : एकटी कशाने? टीमच्या डॉक्टर थांबताहेत. शिवाय या नर्सबाई आहेत, दर तासाला येऊन ताप बघतात. मला तर वाटतं त्यांना दुसरा पेशंटच नाही.

भाची : हसवू नकोस. कालपासून तू माझ्याशी एक वाक्य धड बोललेली नाहीस. पाणी दे, उशी सरकव, पडदा लाव. बस्स. एकदा काय ते बोलून टाक ना. शिव्या घाल, पण असं करू नकोस.

आत्या : बोलू?

भाची : बोल.

आत्या : का आलीस तू काल?

भाची : कुठे?

आत्या : माझ्याकडे. पट्टा सोडून. रिलेत बॅटन घ्यायची जागा ठरलेली असते. वीस मीटरचा पट्टा. त्यात उभं राहायचं, तोंड पुढे, नजर मागे, डावा हात मागे. तू आठ वर्षांची होतीस तेव्हा शिकवलंय मी. लाटणं, पट्टी, फणी, हाताला लागेल ते घेऊन शिकवलंय. का आलीस?

भाची : तू पडली होतीस!

आत्या : पडले नव्हते. गुडघा टेकला होता. उठले होते मी.

भाची : तू किंचाळलीस, आत्या. वर छप्पर, तो आवाज सगळीकडे घुमला. आम्ही सहाजणी ओळीने उभ्या, अर्ध्या फेरीला तू तिसरी होतीस म्हणून मी तिसऱ्या जागी. आणि मग पहिली गेली, दुसरी गेली, माझ्या पलीकडच्याही एकेक करून गेल्या, आणि मी एकटीच राहिले तिथे, आणि तिकडे वळणावर तू एका पायावर उड्या मारत येतेस. मला पट्टा दिसला नाही, बॅटन दिसली नाही. तू दिसलीस फक्त. काय करायला हवं होतं मी?

आत्या : उभं राहायला हवं होतंस.

भाची : नुसतं बघत?

आत्या : नुसतं बघत. चाळीस पावलं राहिली होती. मी मोजत होते. दुखण्याकडे लक्ष जाऊ नये म्हणून मोजत होते, चाळीस, एकोणचाळीस. आणि समोरून तू धावत येताना दिसलीस. मी हात वर करून थांब म्हणत होते, कळलं नाही तुला?

भाची : मला वाटलं तू मला बोलावतेस.

आत्या : तू मला मिठीच मारलीस. बॅटन खाली पडली, पंचांचा लाल झेंडा वर गेला. संपलं. निकालाच्या पाटीवर आपल्या नावापुढे वेळसुद्धा नाही, नुसती रेघ.

भाची : तू आली असतीस तरी आपण सहाव्याच आलो असतो.

आत्या : हो, सहाव्या. लोकांनी दिवे मालवायला घेतले असते तरी तू तुझ्या वाट्याच्या दोन फेऱ्या पूर्ण केल्या असत्यास. मेडल गेलं हे मला मांडीत कट् झालं तेव्हाच कळलं होतं गं. मला मेडलचं नाही काही. तेहतीस वर्षांची बाई मी, त्यात हा पाय. काल पळले ते शेवटचं. एकोणीस वर्षांत मी एकदाही बॅटन न देता थांबले नाही. एकदाही. आणि शेवटच्या दिवशी, तीही तुझ्या हातात द्यायची होती...

भाची : आता तू रडतेस.

आत्या : तू केस ओढलेस.

भाची : मी फणी कधीच खाली ठेवलीये, आत्या.

आत्या : बरं मग रडते. बघ तिकडे जरा.

भाची : मलाही तेच हवं होतं. तुझ्याच हातून हवी होती. बारा वर्षं ऐकतेय तुझं, मोठ्या मैदानावर एक दिवस तिसरी मी, चौथी तू. म्हणून तर गप्प बसले ना! परवा पात्रता फेरी झाली तेव्हाच तुझी मांडी धरली होती. बाथरूममध्ये पट्टी गुंडाळत होतीस, ओठ दाताखाली धरून. मी दारात उभी. तू म्हणालीस, सरांना सांगशील तर माझं मेलेलं तोंड बघशील. आणि मी नाही सांगितलं. शपथेला घाबरले म्हणून नाही, आत्या. मला नव्हतं सांगायचं. राखीव पाचवी तयार होती तुझ्या जागी पळायला. ती पळाली असती तर आज तू माझ्याबरोबर बसमध्ये असतीस, आणि...

आत्या : पुरे. शपथ मी घातली. ते ओझं तू कशाला उचलतेस? उचलायची खोडच आहे तुला.

भाची : बाबांचा फोन आला होता सकाळी. पहिलं काय विचारलं माहितेय? "ती पडली तेव्हा धरलंस ना तिला?" मी म्हटलं, धरलं. तर म्हणाले, शाब्बास.

आत्या : दादाला धावण्यातलं काय कळतंय! त्याला अजून वाटतं, चौघींत मी तिसरी पळते म्हणजे माझा तिसरा नंबर आलाय. गेली कित्येक वर्षं शेजाऱ्यांना तेच सांगतो.

भाची : तू कधी सांगितलं नाहीस त्यांना?

आत्या : किती खूश असतो तो. कशाला सांगू?

सर : येऊ का आत? बस खाली लागलीये. दहा मिनिटं आहेत. काय आत्याबाई, झोप लागली का?

आत्या : बसा, सर. मला तुम्हाला एक सांगायचंय. ही बोलेल मध्येच, तिचं ऐकू नका. माझा पाय...

सर : परवापासून दुखत होता.

भाची : कोणी सांगितलं तुम्हाला?

सर : पायानेच. काल डॉक्टरांनी पट्टी कापली तेव्हा मी शेजारी होतो. एका दिवसात मांडी अशी काळीनिळी होत नाही. तीस वर्षं पाय बघतोय मी. शर्यतीआधी दोघींना वेगवेगळं गाठून विचारलं होतं, आत्याचा पाय कसा आहे. दोघींचं उत्तर एकच, "मस्त." एरवी तुम्ही दोघी कशावर एकमत होता? तेव्हाच ओळखायला हवं होतं मी.

आत्या : चूक माझी आहे, सर.

सर : आहेच. मी नाही म्हणत नाही. पाचवी काल तासभर अंग गरम करून बसली होती. बूट बांधून. शर्यत सुरू झाल्यावरसुद्धा बूट सोडले नव्हते तिने.

आत्या : ती काय म्हणाली?

सर : काही नाही. ही पिशवी दिलीये. तुझ्या चपला. मैदानाच्या कडेला राहिल्या होत्या, तिने उचलून आणल्या.

भाची : पुसल्यात पण.

आत्या : मी फोन करते तिला. आत्ता करते.

सर : फोनवर नको. परत आलीस की समोर बसून बोल. तोवर तिलाही जरा रागावू दे, तिचा हक्क आहे तो.

भाची : सर, मी पण सांगून टाकते. मी पळणं सोडतेय. पुढच्या शिबिराला माझं नाव घालू नका.

सर : हे मला का सांगतेस? या आत्याबाईंना सांग.

भाची : ऐकलंय तिने.

आत्या : ऐकलं. सोडायचं तर सोड. पण इथे, माझ्या पलंगाशी बसून सोडू नकोस. घरी जा, दोन दिवस झोप, पोटभर जेव. मग एका सकाळी मैदानावर जाऊन उभी राहा, आणि तिथे वाटलं तर सोड. मी विचारणार नाही.

भाची : खरंच नाही विचारणार?

आत्या : तोंडाने नाही विचारणार.

सर : चला, पोरी. तिघी बसमध्ये वाट बघताहेत.

भाची : पाणी इथे ठेवलंय. चार्जर उशीखाली आहे. उद्या भूल द्यायच्या आधी मला फोन करायचा, विसरायचं नाही. येते गं.

आत्या : थांब. फणी राहिली तुझी.

भाची : घेते.

आत्या : दारातच थांब. सर, त्या कुबड्या द्या इकडे.

सर : अगं, उठायची परवानगी कुठे आहे तुला?

आत्या : बाथरूमपर्यंत आहे. दार त्याहून जवळ आहे.

भाची : वेडी झालीस का? मी येते ना तिथे, चार पावलं तर...

आत्या : पाय हलवायचा नाही! सांगितलं ना? तोंड बाहेर, नजर माझ्याकडे. डावा हात मागे.

भाची : आत्या, नको ना.

आत्या : डावा म्हटलं.

सर : दोन्ही हातांत कुबड्या, मग फणी कशात धरणार बाईसाहेब?

आत्या : दातात. म्हणजे तुमच्याशी वाद घालावा लागणार नाही.

(आत्या फणी दातांत धरते आणि पलंगावरून उतरते.)

सर : टेकवू नकोस, तो पाय टेकवू नकोस! हं. अगं, घाम फुटलाय तुला. थांब, मी धरतो.

भाची : नको, सर. हात लावू नका.

सर : पडेल ती.

भाची : पडली तर उठेल. लागेल तेवढा वेळ घेऊ दे. बसला सांगा, येतेय म्हणून.

सर : निदान तू तरी एक पाऊल मागे ये.

भाची : नाही येणार. मी इथेच आहे, आत्या. ये तू.